छोट्या व्यापाऱ्यांना स्वतंत्रपणे विमा विकण्याच्या कामात खरंच समाधान मिळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की सेल्सच्या नोकरीत बरीच वर्षं झाली, महिनाअखेरच्या टार्गेटला जीव वैतागलाय, आता नोकरी सोडून स्वतंत्र एजंट म्हणून दुकानदार आणि छोट्या कारखानदारांना जनरल इन्शुरन्स (म्हणजे आयुर्विमा सोडून बाकीचा विमा) विकावा असं मनात आहे, तर यात पैसा किती ते नंतर बघू पण मनाला समाधान मिळतं का, आणि घरी बायकोला काय सांगायचं. मी कोल्हापुरात हेच काम वीसेक वर्षं करतोय, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, उद्यमनगर आणि थोडं शिरोली एमआयडीसी एवढाच माझा एरिया, त्यामुळं जे लिहितो ते या धंद्यापुरतं आणि या भागापुरतं समजा.

समाधान मिळतं. मला तरी भरपूर मिळालंय. पण ते मिळणार की नाही हे एका गोष्टीवर ठरतं आणि ती गोष्ट कमिशनच्या स्टेटमेंटमध्ये दिसत नाही. ज्या गल्लीत तुम्ही पॉलिसी विकली त्याच गल्लीतनं पुढच्या वर्षी, आणि समजा मधे आग लागली किंवा पूर येऊन गेला तर त्यानंतरच्या आठवड्यात, तुम्हाला सरळ चालत जाता येतं का, दुकानदार हाक मारून आत बोलावतो का, की तुम्ही दुसऱ्या रस्त्यानं जाता. नोकरीत हा प्रश्न फारसा येत नाही कारण विकणारा माणूस दोन वर्षांत बदली होऊन जातो, ग्राहक कंपनीचा असतो, आणि ज्यानं विकलं त्याला क्लेमच्या वेळी तोंड दाखवावं लागत नाही. स्वतंत्र एजंटला तोच दुकानदार पंधरा वर्षं भेटतो. तुम्ही काय सांगून विकलं होतं ते त्याच्या लक्षात असतं. ज्यांना हे ओझं वाटतं त्यांना या कामाचा त्रास होतो आणि ज्यांना यात बरं वाटतं त्यांना या कामासारखं दुसरं काम नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता पैशाचं आधी सांगून टाकतो कारण खिशात पैसे नसताना समाधानाच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही. छोट्या दुकानाची आगीची पॉलिसी काही हजारांत येते. हिशोबासाठी धरा की एका दुकानाचा प्रीमियम ५,००० रुपये आणि कमिशन १५ टक्के, म्हणजे वर्षाला ७५० रुपये. (एप्रिल २०२३ पासून आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, प्रत्येक प्रकारच्या पॉलिसीला वेगळी कमिशनची मर्यादा ठेवणं बंद केलं, आता कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा असते, त्यामुळं दर कंपनीप्रमाणं वेगळे असतात, तो आपल्या कंपनीत विचारून घ्या.) शंभर दुकानं केली तर वर्षाला ७५,००० म्हणजे महिन्याला सहा हजारांच्या आसपास, आणि शंभर दुकानं पहिल्या वर्षात होत नाहीत हे मी आधीच सांगतो. तीनशे दुकानं झाली तरी सव्वादोन लाख. यावर घर चालत नाही. पण त्याच तीनशे दुकानदारांची आग, बर्गलरी म्हणजे दुकानफोडी, टेम्पोचा विमा, घरच्या माणसांचं मेडिक्लेम, कामगारांची पॉलिसी असं सगळं तुमच्याकडं आलं आणि एका घराचा मिळून प्रीमियम २०,००० झाला तर त्याच दरानं नऊ लाख होतात. म्हणजे दुकानं वाढवत सुटण्यापेक्षा आहे त्या दुकानात खोल जाणं, आणि खोल जायचं तर माणसाचा विश्वास लागतो, आणि तो यायला तीन-चार वर्षं लागतात. मधल्या काळात जे टिकतात त्यांच्याकडं दुसरं काहीतरी उत्पन्न असतं किंवा बचत असते. हे सोपं गणित न मांडता जे नोकरी सोडून येतात ते दुसऱ्या वर्षी मिळेल ते विकायला लागतात आणि मग तिथनं समाधान वगैरे संपतं.

दुसरी गोष्ट, कमिशन परत मागणारे लोक. हे तुम्हाला पहिल्या आठवड्यातच भेटतील. "साहेब, दुसरा एजंट निम्मं परत देतोय, तुमचं काय?" असं थेट विचारतात आणि त्यांच्या दृष्टीनं त्यात काही गैर नसतं, ते किराणा मालात पण असंच करतात. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणं कमिशनमधला वाटा ग्राहकाला देणं आणि त्यानं घेणं दोन्ही गुन्हा आहे, दहा लाखांपर्यंत दंड आहे, पण बाजारात हे चालतं हे सगळ्यांना माहिती आहे. मी नकार देतो तो कायद्यासाठी म्हणून नाही, माझं कारण वेगळं आहे. ज्याला तुम्ही कमिशन परत दिलं त्याचं काम तुम्ही मनापासून करत नाही, क्लेमच्या वेळी त्याचा फोन आला की पहिला विचार हाच येतो की याच्याकडनं मला मिळालं काय होतं. आणि त्याला पण वाटतं की हा माणूस स्वस्त आहे म्हणून ठेवलाय, उद्या अजून स्वस्त मिळाला की बदलू. मी अशा लोकांना पहिल्यापासून सांगत आलोय की पैसे परत देणार नाही पण तुमच्या दुकानात पाणी शिरलं तर सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान मोजायला येणाऱ्या माणसाच्या, आधी मी येईन. निम्मे लोक जातात. जे राहतात त्यांच्यावर माझं घर चाललंय.

आता मुख्य, कामात गोडी कुठं आहे ते. लोकांना वाटतं सेल्समनला ऑर्डर मिळाली की आनंद होतो. होतो, पण तो संध्याकाळपर्यंत टिकतो. माझ्या कामातला सगळ्यात चांगला तास म्हणजे पहिल्यांदा दुकान बघायला जातो तो. मालकाला म्हणायचं, मला सगळं दाखवा, पोटमाळा दाखवा, मागचं गोडाऊन दाखवा, मीटर कुठं आहे, माल जमिनीवर ठेवता का फळीवर, पावसात पाणी कुठपर्यंत आलं होतं. उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपमध्ये गेलं की लेथ, ड्रिल, पॉवर प्रेस, कुठलं मशीन जुनं घेतलंय, कुठलं कर्जावर आहे, कुणाचं जॉबवर्क करतात, ही माहिती माणूस अशी सांगतो की जणू घरातल्या माणसांची ओळख करून देतोय. कुणी त्याला कधी एवढं विचारलेलंच नसतं. बँकवाला स्टॉक स्टेटमेंट मागतो, सीए बिलं मागतो, पण धंदा कसा चालतो हे शेवटपर्यंत ऐकणारा माणूस विमा एजंटच असू शकतो, त्यानं मनावर घेतलं तर. मला या निमित्तानं फाउंड्रीतली कोअर कशी बनते, गुळाचे रवे कसे साठवतात, चपलेचं कातडं ओलं झालं तर काय होतं, साडीच्या दुकानात दिवाळीआधी माल किती पटीनं वाढतो, हे सगळं कळलं. कुठल्या कॉलेजात हे शिकायला मिळालं असतं?

आणि हे ऐकलेलं थेट कामाला येतं कारण छोट्या धंद्याच्या विम्यात सगळ्यात मोठी गडबड असते ती विम्याच्या रकमेची. समजा दुकानात ४० लाखांचा माल आहे आणि प्रीमियम वाचवायला २० लाखांचाच विमा काढला. मालकाला वाटतं, सगळा माल काही जळणार नाही, दहा-वीस लाखांचं नुकसान झालं तर तेवढं मिळेल की. तसं होत नाही. १० लाखांचं नुकसान झालं तर निम्माच विमा होता म्हणून निम्मेच म्हणजे ५ लाख मिळतात, याला अ‍ॅव्हरेज म्हणतात. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही ठरावीक पॉलिसी आली, एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ही, ५ ते ५० कोटींत भारत लघु उद्यम सुरक्षा, आणि त्यात १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता सोडून देतात, पण निम्म्याची कमतरता कुणी सोडत नाही. हे अ‍ॅव्हरेजचं प्रकरण मी प्रत्येकाला कागदावर आकडे मांडून सांगतो, पॉलिसी घेवो न घेवो. रक्कम वाढवली की प्रीमियम वाढतो त्यामुळं त्याला वाटतं हा स्वतःचं कमिशन वाढवतोय, तेव्हा मी सांगतो की दोन दिवसांनी सांगा, तुमच्या सीएला विचारा. सीए तेच सांगतो. तिथनं पुढं तो माणूस तुमचा.

अजून काही गोष्टी ज्या सांगितल्या की लोक चकित होतात. मालाचा क्लेम खरेदीच्या किमतीवर असतो, विक्रीच्या नाही. मशीनमध्येच शॉर्टसर्किट होऊन ते मशीन जळलं तर आगीच्या पॉलिसीत त्या मशीनचे पैसे येत नाहीत, त्यातनं आग पसरून बाकीचं जळलं तर त्याचे येतात, मशीनसाठी मशीनरी ब्रेकडाउन वेगळी घ्यावी लागते. बर्गलरीत कुलूप-शटर तोडल्याच्या खुणा लागतात, दिवसाढवळ्या गिऱ्हाईक म्हणून येऊन कुणी माल उचलला तर साध्या बर्गलरीत बसत नाही. आणि बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मालावरचं कर्ज) असेल तर बँकेनं विमा काढलेला असतो, प्रीमियम खात्यातनं जातो, पण पॉलिसीची कॉपी मालकानं कधी पाहिलेली नसते. मी नवीन माणसाकडं गेलो की आधी काही विकत नाही, म्हणतो बँकेची पॉलिसी काढा बघू. त्यात बऱ्याचदा गोडाऊनचा जुना पत्ता असतो, माल दुसरीकडं हलवून तीन वर्षं झालेली असतात. हा पत्ता दुरुस्त करून घ्यायला एक अर्ज लागतो, मला त्यात एक रुपया मिळत नाही. तरी मी ते करून देतो, कारण ज्या दिवशी त्या गोडाऊनला काही होईल त्या दिवशी त्या एका ओळीवर त्याचं सगळं अवलंबून असणार आहे. अशी कामं केल्यावर रात्री झोप चांगली लागते हे मी अनुभवानं सांगतो.

कामगारांच्या पॉलिसीबद्दल पण सांगायला पाहिजे. जिथं ईएसआय (कामगारांची सरकारी विमा योजना) लागू नाही अशा छोट्या वर्कशॉपमध्ये कामगाराला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, ही १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली गोष्ट आहे, आणि पाच-सहा माणसं कामाला असलेल्या मालकाला बहुतेक वेळा हे माहीतच नसतं. प्रीमियम फार नसतो, कमिशन त्याहून कमी, त्यामुळं एजंट लोक याकडं बघत नाहीत. पॉवर प्रेसवर बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. एका वर्कशॉपच्या मालकानं माझ्या सांगण्यावरनं ही पॉलिसी घेतली होती, नंतर एका पोराची दोन बोटं गेली, आणि त्या पोराला भरपाई मिळाली तेव्हा मालकापेक्षा त्या पोराच्या आईचा चेहरा माझ्या लक्षात राहिलाय. तिला मी कोण हे माहिती पण नव्हतं. हे काम करण्यासारखं आहे असं मला त्या दिवशी जितकं वाटलं तितकं कुठल्याही कंपनीच्या परिषदेत ट्रॉफी घेताना वाटलं नाही.

आता पुराचं. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी ५५ फुटांच्या वर गेली, जिथं ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका धरतात. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, लक्ष्मीपुरीत दुकानांत पाणी, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे कित्येक दिवस बंद. लोकांनी २००५ चा पूर धरून माल वर ठेवला होता आणि पाणी त्याच्याही वर आलं. दोनच वर्षांनी जुलै २०२१ ला पुन्हा तेच, त्याच वेळी तिकडं चिपळूणची बाजारपेठ बुडाली. कोरोनानं धंदा बसलेला, त्यात हे.

पाणी उतरल्यावरचे जे आठवडे असतात तिथं या धंद्यातला खरा माणूस कळतो. २०१९ च्या वेळी जुनी आगीची पॉलिसी चालू होती, तिच्यात वादळ-पूर हा भाग वगळून प्रीमियम कमी करायची सोय होती, आणि काही ठिकाणी विकणाऱ्यानं स्वस्त दाखवायला तो भाग काढून टाकलेला होता. मालकाच्या हातात पॉलिसी आहे, दुकानात चिखल आहे, आणि पूर त्यात बसतच नाही. विकणारा माणूस फोन उचलत नव्हता. असे लोक माझ्याकडं कागद घेऊन आले, माझे ग्राहक नव्हते, मी कागद वाचला आणि खरं काय ते सांगितलं, दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. २०२१ च्या नवीन पॉलिसीत पूर मुळातच धरलेला असतो, ही छोट्या माणसासाठी फार मोठी सुधारणा झाली असं मी मानतो.

माझ्या ग्राहकांपैकी ज्यांना मी आधीपासून सांगून ठेवलं होतं की दर महिन्याला मोबाईलवर दुकानाचा चारी बाजूनं व्हिडिओ काढा, खरेदीची बिलं सीएकडं किंवा मेलवर ठेवा, दुकानातच ठेवू नका, त्यांचे क्लेम सरळ गेले. सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत भिजलेला माल फेकून देऊ नका, तसाच ठेवा, त्याची सॅल्व्हेज किंमत (खराब मालाचे जे काही येतील ते) धरून हिशोब होतो, हे पण आधी सांगितलेलं होतं. ज्याचा माल कुजून वास मारतोय त्याला तो फेकू नको म्हणून सांगणं सोपं नसतं, शेजारीपाजारी ओरडतात, महापालिकेचे लोक उचलायला येतात, तेव्हा मी स्वतः उभं राहून फोटो काढून, यादी करून, कंपनीला मेल टाकून, सर्व्हेअरला फोन करून परवानगी घेतली आणि मगच माल हलवला. त्या आठवड्यांत एक रुपयाची नवीन पॉलिसी विकली नाही. रोज सकाळी गमबूट घालून निघायचं आणि अंधार पडल्यावर परत यायचं. शरीर थकत होतं पण मनाला असं कधी वाटलं नाही की मी चुकीच्या धंद्यात आहे.

सगळे क्लेम पूर्ण मिळाले असं मात्र समजू नका. काहींना कमी मिळाले. काहींचे महिनोन्‌महिने लांबले, कंपनीकडनं एकच कागद तीन वेळा मागितला गेला. अशा वेळी एजंट मधे सापडतो, दुकानदाराला वाटतं तुम्ही कंपनीचे, कंपनीला वाटतं तुम्ही दुकानदाराचे. मी यात माझी बाजू ठरवून टाकलेली आहे, पॉलिसीत जे लिहिलंय ते दुकानदाराला मिळालंच पाहिजे आणि जे लिहिलेलं नाही ते मी त्याला मिळेल म्हणून सांगणार नाही. कंपनी ऐकत नसेल तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं लेखी, मग विमा लोकपाल, आपल्याकडच्यांना पुण्याचं ऑफिस लागतं. एकट्या मालकाची फर्म आणि सूक्ष्म उद्योग यांच्या तक्रारी तिथं घेतात, फी नाही, वकील लागत नाही. हे ग्राहकाला सांगणारे एजंट कमी आहेत कारण कंपनीचा माणूस नाराज होईल अशी भीती असते. होऊ दे नाराज. ब्रँच मॅनेजर तीन वर्षांत बदलतो, दुकान तिथंच असतं.

तुम्ही नोकरीतनं येताय म्हणून अजून एक सांगतो, एकटेपणा. ऑफिसात टार्गेटचा वैताग असतो पण डबा खायला चार माणसं असतात, बॉसला शिव्या घालायला कुणीतरी सोबत असतं. इथं सकाळी तुम्हाला उठवणारं कुणी नाही. पहिल्या वर्षी दुपारी दोन ते चार बाजारात मंदी असते तेव्हा घरी जाऊन झोपायची सवय लागते आणि ती फार वाईट. मी ते दोन तास रिन्युअलच्या कामाला ठेवतो. वहीत, आता एक्सेलमध्ये, पुढच्या पंचेचाळीस दिवसांत कुणाची तारीख संपतेय ते बघून फोन, कारण आपल्या धंद्यात प्रीमियम जमा झाल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही, विमा कायद्याचं कलम ६४व्हीबी, एक दिवस मधे रिकामा गेला आणि त्याच रात्री शटर फुटलं तर तुमच्या पंधरा वर्षांच्या ओळखीचा काही उपयोग नाही. घेतलेला प्रीमियम चोवीस तासांत कंपनीकडं भरायचा हा पण नियम आहे, सुट्टीचे दिवस सोडून. दुसऱ्याच्या प्रीमियमचे पैसे स्वतःच्या खात्यात फिरवणारे एजंट मी पाहिलेत, त्यांचं पुढं काय झालं ते पण पाहिलंय. आता तर ग्राहकाच्या मोबाईलवर थेट लिंक पाठवता येते, पैशाला हातच लावू नका.

सोबतीचं म्हणाल तर ती हळूहळू बाजारातच मिळते. लक्ष्मीपूजनाला इतक्या पेढ्यांवरनं बोलावणं येतं की एका संध्याकाळी सगळीकडं जाता येत नाही, काही ठिकाणी पाडव्याला जातो. "बसा की साहेब, चा सांगतो" म्हणून बसवून घेतात आणि मग मुलाच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनपासून भावा-भावांच्या वाटणीपर्यंत सगळं बोलतात. वडिलांची पॉलिसी मी केली, आता मुलगा गल्ल्यावर बसतो, तो पण माझ्याकडंच आहे, मला काका म्हणतो आणि ऑनलाइन दर काढून माझ्याशी घासाघीस पण करतो. करू दे. ऑनलाइन स्वस्त मिळालं आणि कव्हर तेच असेल तर मी सांगतो घे तिकडनं, गाडीच्या विम्यात तर बऱ्याचदा तसं होतं. पण दुकानाची आणि कारखान्याची पॉलिसी घेताना कुणीतरी येऊन पोटमाळा बघायला लागतो, हे त्याला पण पटलंय.

कुणी या कामात येऊ नये ते पण स्पष्ट सांगतो. ज्याला दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम दिसली नाही की झोप लागत नाही त्यानं येऊ नये, त्यात कमीपणा काही नाही, प्रत्येकाचा स्वभाव असतो. ज्याला "नंतर या" हे वाक्य दिवसातनं वीस वेळा ऐकून राग येतो त्यानं पण नको, इकडं नंतर या म्हणणारा माणूस खरंच नंतर घेतो, कधी चार वर्षांनी. ज्याला फक्त मोठी माणसं, मोठ्या कंपन्या करायच्यात त्याच्यासाठी ब्रोकरची नोकरी बरी. आणि ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्यानं तर अजिबात नको, पॉलिसीचं शब्दन्‌शब्द वाचलेलं असल्याशिवाय छोट्या दुकानदारापुढं उभं राहणं हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण तो स्वतः वाचणार नसतो, तो तुमच्या भरवशावर सही करतो.

यायचंच ठरलं तर असं करा. नोकरी असतानाच आयसी-३८ ची, म्हणजे विमा एजंट व्हायला लागणारी, परीक्षा द्या, दहावी पास एवढीच अट आहे, तुम्हाला अवघड नाही. फक्त आधी बघा की सध्याच्या कंपनीचे नियम बाहेरचं असं काम करू देतात का, नसेल तर अभ्यास करून ठेवा आणि एजन्सी नंतर. कंपनी निवडताना कमिशनचा तक्ता कमी बघा, त्यांचं क्लेमचं ऑफिस तुमच्या गावात किंवा जवळपास आहे का ते बघा, आणि तिथल्या दोन-तीन जुन्या एजंटांना विचारा की मागच्या पुरात क्लेम कसे दिले. एरिया एकच घ्या, घरापासून गाडीवर पंधरा मिनिटांचा, आणि तिथल्या लोकांच्या पॉलिसी नुसत्या वाचून द्या, पहिले काही महिने विकायची घाई करू नका. पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मे मध्ये सुरुवात केलेली बरी, नदीकाठच्या बाजारात तेव्हा लोक ऐकायच्या मनःस्थितीत असतात.

राहिला वहिनींचा प्रश्न. त्यांना वरचा ७५० रुपयांचा हिशोब तसाच्या तसा दाखवा, नऊ लाखांपासून सुरुवात करू नका. पहिली दोन वर्षं घरात काय येईल, मुलांच्या फीला कुठनं काढणार, बँकेचा हप्ता किती, हे त्यांच्यासोबत बसून लिहा. माझ्या घरी त्या काळात बायकोचा शिवणक्लास होता म्हणून मी टिकलो, तिच्या पैशावर घर चाललं आणि मला नको त्या पॉलिसी विकायची वेळ आली नाही. तुमच्याकडं दीड-दोन वर्षांचा घरखर्च बाजूला नसेल किंवा घरात दुसरं उत्पन्न नसेल तर अजून एक वर्ष नोकरी करा, तोपर्यंत रविवारी सकाळी बाजारात फिरा, ओळखीच्या चार दुकानदारांच्या बँकेच्या पॉलिसी मागून वाचायला घ्या. त्यातलं काही समजलं नाही तर पत्ता आणि नावं झाकून फोटो पाठवा, मी बघून सांगतो.